अस्वलाचा वाघ झाला ते वर्ष

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते एकदा टीव्हीवर गेलं होतं, तेवढं पुरे झालं. गोंडपिपरीहून जंगलाकडे निघणाऱ्या रस्त्यावर ते आहे, गावाला एक मोठा तलाव आहे आणि तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं आहेत, एवढ्यावर वाचकाचं काम भागावं. आमचं घर पाळीच्या अगदी पायथ्याशी होतं. पावसाळ्यात पाणी पाळीतून झिरपून न्हाणीपर्यंत यायचं आणि बाबा म्हणायचे, चला, तलाव घरी आला, आता जायची गरज नाई. हे ते दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी कोणी हसत नसे.

घरात आई, बाबा आणि मी. मला बेबी म्हणत; केस पिकले तरी अजून म्हणतात. भिंतीला भिंत लागून काकांचं घर होतं, पण काका बल्लारपूरला कामाला, त्यामुळे तिथे सिंधूकाकू एकटीच. काकूला मूलबाळ नव्हतं, आवाज होता. सकाळी डोळे उघडायच्या आत कानावर यायचा तो बाबांचा डोंगा काठाला लागल्याचा आवाज, मग ओलं जाळं झटकल्याचा, आणि मग काकू कोंबड्यांशी भांडायला लागली की उजाडलं समजायचं. आई राखेत मासे घासायची. मरळ सापडली तर ती बाजारात जायची, घरात झिंगे राहायचे. वांग्यात झिंगे, आंबाडीत झिंगे, काही नसलं तर नुसत्या मिरचीत झिंगे, आणि दोन्ही वेळा भात. मरळीची चव मला कळली ती नोकरी लागल्यावर, चंद्रपूरच्या एका खानावळीत, आणि मला झिंगेच बरे वाटले. उन्हाळा लागला की घराचा वास बदलायचा. मोह गळायला लागायचा. अंगणभर फुलं वाळत घातलेली, पाय ठेवायला जागा नाही, आणि तो गोड, किंचित आंबूस वास कपड्यांना, केसांना, पिण्याच्या पाण्यालाही. आई कोरड्या तव्यावर फुलं भाजायची, तीळ घालून कुटायची आणि लाडू वळायची. बाकीची फुलं विकून जे यायचं त्यात वर्षाचं तेलमीठ आणि माझं शिक्षण बसायचं. मोहाचा महिना गेला म्हणजे वर्ष गेलं, असा आमचा हिशेब होता.

काकूकडे रंगीत टीव्ही होता. काकूला एकटं वाटू नये म्हणून काकांनी तो आणून दिला, आणि त्यानंतर काकूच्या घरात एकटं बसायला जागा राहिली नाही. दिवे लागले की पाळीवरची सगळी माणसं तिथे जमायची. त्याच सुमारास छपरावरच्या डिशच्या छत्रीवर चोवीस तास बातम्या देणारी एक वाहिनी दिसायला लागली होती. चोवीस तास पुरतील एवढं जगात घडते तरी काय, असं बाबांनी विचारलं होतं. घडत नाई तवा तेच तेच दाखवते, असं काकूने सांगितलं. मी पुढे पंधराएक वर्षं एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर काम केलं, तिथे या विषयावर चर्चासत्रं ऐकली, पण काकूच्या वाक्याच्या पुढे कोणी फारसं गेलेलं मला आठवत नाही.

तलावाच्या पलीकडच्या अंगाला जंगल सुरू होत होतं आणि तिथे एक वाघीण राहायची. आम्ही तिला नुसतं ‘पलीकडची’ म्हणायचो. काठच्या गाळात तिची पावलं दिसायची. सकाळी बाबा जाळं काढायला गेले आणि ती पाण्यावर आलेली असली तर ते डोंगा थोडा अलीकडे थांबवायचे, तिचं पाणी पिऊन होईतो बिडी ओढायचे, आणि घरी येऊन सांगायचे की आज पलीकडचीमुळे उशीर झाला. यात शौर्य नव्हतं आणि प्रेमही नव्हतं. एसटी उशिरा आल्यासारखंच ते होतं. तिने गावच्या माणसाला कधी हात लावला नव्हता. एखादं वासरू न्यायची; मग काही दिवस तिला शिव्या मिळायच्या आणि सगळं पूर्ववत व्हायचं.

मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते. उजाडता उजाडता आम्ही बायका मोह वेचायला निघायचो. त्या दिवशी आई आमच्यापासून जरा दूर, नाल्याकाठच्या झाडाखाली वेचत होती. अस्वलालाही मोह आवडतो, आणि वेळही तीच सोयीची वाटते. मला आधी टोपली आपटल्याचा आवाज आला, मग आईचा, पण तो ओरडण्यासारखा नव्हता, कोणाला तरी दटावल्यासारखा होता. मी पळत पोचले तेव्हा समोरची झुडपं हलत होती, एवढंच मी पाहिलं. आई फुलांत बसली होती. डोक्याची कातडी मागून फाटली होती आणि उजवा खांदा नुसता लाल होता. ती म्हणाली, “अस्वल होतं. मोठं. मले खाली पाडलं आन गेलं.” मग म्हणाली, “टोपली पाहाय, कुठी गेली.” आम्ही तिला खाटेवर घालून गावात आणलं, तिथून कोणाच्या तरी जीपमध्ये गोंडपिपरीला आणि तिथून चंद्रपूरला. डोक्याला आणि खांद्याला टाके पडले. हात वाचला, पण खांद्याच्या वर तो पुढे कधी गेला नाही.

आई घरी आली आणि पाठोपाठ वसंता आला. वसंताचा गोंडपिपरीत फोटो स्टुडिओ होता. लग्नांचे व्हिडिओ काढायचा. त्या वाहिनीने त्याला तालुक्याचा प्रतिनिधी केलं होतं, म्हणजे पगार नाही, पण वाहिनीचं चिन्ह असलेला चौकोनी डबा बसवलेला माइक दिला होता. त्या माइकला तो पोरासारखा जपायचा, प्रवासात टॉवेलात गुंडाळून न्यायचा. माइक हातात नसला की वसंता आमच्यासारखाच बोलायचा. माइक हातात आला की त्याच्या तोंडून पुण्याचं मराठी निघायचं आणि ‘सदर’, ‘दरम्यान’ असे शब्द यायचे. तो आईच्या माहेरचा, म्हणून तिला बाई म्हणायचा, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. खाटेजवळ कॅमेरा लावून त्याने सगळं नीट विचारलं, आईने मला सांगितलेल्या त्याच शब्दांत नीट सांगितलं, आणि त्याने कागदावर ‘अस्वलाचा हल्ला’ असं लिहिलेलं मी वरून पाहिलं. मग तो अवघडला. म्हणाला, नुसतं सांगितलेलं चालत नाही, दृश्यं लागतात. आईला चालत नेऊन पुन्हा वेचताना दाखवता आलं तर बरं. आई हात हलवू शकत नव्हती. तेव्हा दारात उभी असलेली सिंधूकाकू म्हणाली, मी जाते की.

काकूने आईचं लुगडं नेसलं. वसंताने सांगितलं की चेहरा दिसायला नको, पाठीमागून घेऊ. नाल्याकाठची जागा त्याला पसंत पडली नाही, तिथे काटेरी झुडपं होती आणि उजेड कमी. म्हणून सगळे पाळीवरून वळसा घालून पलीकडच्या काठाला गेले, जिथे पाणी चमकत होतं आणि मोहाचं एक डौलदार झाड होतं. काकूने तिथे फुलं वेचली, दचकली, टोपली टाकली आणि पळाली. पहिल्यांदा पळताना मध्ये बकऱ्या आल्या. दुसऱ्यांदा काकू हसली. त्यानंतर मात्र ती अशी काही किंचाळली की बाबा तलावातून डोंगा घेऊन धावत आले. घरी येऊन वसंताने तो तुकडा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आईला दाखवला आणि विचारलं, बाई, असंच झालं ना. आईने तो शांतपणे पाहिला. मी एवढी ओरडली नवती, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूच्या घरात उभं राहायलाही जागा नव्हती. आईला आधार देऊन पुढे बसवलं होतं. आधी ढोल वाजले. मग एक वाघ आला. तो आमच्याकडचा नव्हता. ज्या गवतातून तो चालत होता तसं गवत आमच्या जिल्ह्यात कुठेच नाही. मग अक्षरं आली, ‘वाघाच्या जबड्यातून परतलेली रणरागिणी’. मग काकूची पाठ, काकूचं पळणं, पुन्हा वाघ, पुन्हा काकू, आणि निवेदक सांगत होता की मुक्ताबाईंनी, म्हणजे आईने, नरभक्षक वाघाशी नुसत्या टोपलीने झुंज दिली. शेवटी आई दिसली, डोक्याला पट्टी बांधलेली. ती म्हणाली, “मोठं. मले खाली पाडलं आन गेलं.” पहिलं वाक्य काढलेलं होतं. ‘मोठं’ ठेवलं होतं. खोलीत टाळ्या वाजल्या. आईने मागे वळून कोणाला तरी विचारलं, “हे कोणाचं दाखवून राह्यले?”

तो तुकडा अजून जिवंत आहे. मागच्या वर्षी नात्यातल्या एका भाच्याने मोबाइलवर दाखवला. आता खाली लिहिलेलं होतं की ही घटना दुसऱ्या राज्यातली आहे आणि गेल्या आठवड्यातली. हजारो लोकांनी त्या बाईसाठी हात जोडले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं हलतं चित्र आमच्याकडे दुसरं कुठलंच नाही. आईने तो मोबाइल हातात धरून पुन्हा पुन्हा पाहिला, आणि काकू पळताना लुगड्याचा काठ हाताने कसा उचलून धरते ते मला दाखवलं. ही गोष्ट खोटी आहे असं खाली लिहू का, असं भाच्याने विचारलं. लिही, पण पुसू नको, असं आईने सांगितलं.

तेव्हा मात्र त्या बातमीने फार थोड्या दिवसांत पुष्कळ कामं केली. शेजारच्या गावांतून माणसं आईला बघायला आली आणि तिने अस्वल म्हटलं की एकमेकांकडे बघू लागली. एकाने मला बाजूला घेऊन डोक्याला मार लागला का म्हणून विचारलं. एसटी दिवस मावळायच्या आत परतायला लागली. शेळ्या चारायला पोरं जाईनात. चंद्रपूरहून एक पुढारी आला, पाळीवर उभा राहून नरभक्षकाचा बंदोबस्त झालाच पाहिजे म्हणाला आणि वसंताच्या माइकमध्ये तेच पुन्हा म्हणाला. मग रस्ता अडवला गेला. मग जंगलखात्याने, माणसांच्या जिवाची काळजी म्हणून, तलावापलीकडचं जंगल बंद केलं. मोह झाडाखाली पडून सडायला लागला. वारा आला की वास घरापर्यंत यायचा, फुलं येत नव्हती. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता, आमच्यामुळे मोह बुडाला म्हणून, आमच्या अंगणावरून जाताना बोलेनासे झाले.

मला सर्वांत वाईट वाटलं ते बाबांचं. एका दुपारी जेवताना ते ताटात बघत म्हणाले, “तू खाली वाकून होतीस. मागून आलं. वाघबी असू शकते.” आईने डाव्या हाताने त्यांना भात वाढला. पण त्या दिवसापासून ती अस्वल हा शब्द बाबांसमोर उच्चारेना, जणू तो तिच्या माहेरचा कोणी बदनाम माणूस होता.

आई मला घेऊन जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात गेली. तिथला अधिकारी तरुण होता, भला होता. त्याने आईला खुर्ची दिली, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाला की त्यालाही सुरुवातीपासून अस्वलच वाटत होतं; जखमा बघून दवाखान्यातही तसंच म्हणाले होते. पण आता वरून फोन येतात, ते वाघाबद्दल येतात. “मी अस्वल म्हटलं तर लोक म्हणतील खातं लपवून राहिलंय,” तो म्हणाला. बेशुद्ध करणाऱ्यांचं पथक सोमवारी येणार होतं. त्या भागात एकच वाघ होता, म्हणून तोच धरायचा होता. आईने विचारलं, धरून कुठी नेता. पिंजऱ्यात, असं तो म्हणाला. किती दिवस, असं आईने विचारलं. त्यावर त्याने आणखी चहा मागवला.

परतताना आम्ही वसंताच्या स्टुडिओत थांबलो. तो भिंतीशी उभा राहिला, जसं काही आम्ही त्याचाच फोटो काढणार होतो. त्याने शपथ घेऊन सांगितलं की त्याने अस्वलच लिहून पाठवलं होतं. वाहिनीच्या नागपूरच्या कचेरीतून फोन आला की अस्वलाची दृश्यं आमच्याकडे नाहीत, वाघाची भरपूर आहेत, आणि लोक अस्वलासाठी थांबत नाहीत. तो म्हणाला, मी म्हटलं त्यांना, चूक होऊन राह्यली. ते म्हणाले, जंगली जनावर ना, मग झालं. आईने विचारलं, आता दुरुस्त करता येते का. त्याने सांगितलं, मी रोज फोन करून राह्यलो, पण ते म्हणतात की दुरुस्ती दाखवली तर बघणारा गोंधळतो. गोंडपिपरीत एक वकील होते, त्यांनाही आम्ही विचारलं. वर्तमानपत्राविरुद्ध तक्रार कुठे करायची ते त्यांनी घडाघडा सांगितलं. टीव्हीविरुद्ध कुठे करायची, यावर त्यांनी बराच वेळ पंख्याकडे बघितलं. वाहिनीला खुलासा मागणारं एक पत्र त्यांनी लिहून दिलं आणि मी ते पोस्टात टाकलं. आयुष्यात मी टाकलेलं ते पहिलं पत्र, आणि त्याचं उत्तर यायचं अजून बाकी आहे.

पथक यायच्या आदल्या दिवशी सरपंच घरी आले. वयस्क, समजूतदार माणूस. आईला मुक्ताबाई म्हणून हाक मारली, खाटेवर न बसता खाली बसले. “बाई, खरं काय ते मले मालूम आहे,” ते म्हणाले. “माह्यावर दोनदा अस्वल आलं आहे. पण आता वाघ म्हणा. वाघीण धरून नेतील, आन जंगल उघडतील. तुमी अस्वल म्हटलं त कोणाले धरतील? जंगल बंदच राहील. अजून मोह आहे झाडाले, मागून तेंदूपत्ता आहे. साऱ्या गावाच्या पोटाचं आहे.” बाबा मान हलवत होते. मीही मनात मान हलवली; मला कॉलेजला जायचं होतं आणि ते मोहावरच जाणार होतं. आईने सरपंचांना पाणी दिलं. ते गेल्यावर ती पाळीवर जाऊन बसली आणि ऊन उतरेपर्यंत पलीकडच्या काठाकडे बघत राहिली. मी जाऊन शेजारी बसले. ती म्हणाली, “तिनं मले काई केलं नाई, बेबी. मी तिले काऊन करू?”

सोमवारी सकाळी पाळीवर जत्रा भरली. पिंजऱ्याची गाडी, बंदुकीवाले, पोलीस, पुढारी, भज्यांची गाडी, आणि नागपूरहून आलेली वाहिनीची मोठी गाडी, जिच्या टपावर सुपाएवढी छत्री होती. तिच्यामुळे आमच्या पाळीवर घडेल ते त्याच क्षणी सगळीकडे दिसणार होतं. काकूने टीव्ही अंगणात आणून ठेवला होता, त्यामुळे पाळीकडे बघितलं तरी पाळ आणि टीव्हीकडे बघितलं तरी पाळ. वसंताला नवीन शर्ट दिला होता आणि कानात बोंडूक घातलं होतं, त्यातून त्याला नागपूरचा आवाज ऐकू येत होता. आईला खुर्चीवर बसवलं. तिच्यासमोर वसंता उभा राहिला आणि त्याच्या तोंडून पुण्याचं मराठी सुरू झालं. ज्या वाघाने आपल्यावर प्राणघातक हल्ला केला, तो आज जेरबंद होत आहे, तर आपल्या भावना काय आहेत, असं त्याने विचारलं.

आई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, वसंताकडे बघत होती. “मले वाघानं मारलं नाई,” ती म्हणाली. “अस्वलानं मारलं. पयल्या दिवशी तुले सांगतलं, तू लिहूनबी घेतलं. पलीकडचीले नेऊ नका. तिचं काई नाई यात.”

मी अंगणात टीव्हीसमोर होते. पडद्यावर निवेदक आला, दुःखी चेहरा केला आणि म्हणाला, आपण पाहतोय की मुक्ताबाई अजूनही त्या धक्क्यातून सावरलेल्या नाहीत. लगेच खाली पट्टी आली, ‘मुक्ताबाई अजूनही धक्क्यात’. अंगणातल्या काही बायकांनी हळहळून च्च केलं. आई पन्नास पावलांवर बसलेली होती, पण त्यांनी टीव्हीकडे बघूनच केलं. मग निवेदकाने वसंताला विचारलं, वसंत, काय सांगाल, त्यांची मानसिक स्थिती कशी आहे?

मला वसंता टीव्हीतही दिसत होता आणि प्रत्यक्षातही. त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला, आणि बोलला ते आमच्या भाषेत. “बाई खरं सांगून राह्यली,” तो म्हणाला. “अस्वलच होय ते. मी तसंच लिहून पाठवलं होतं. ते पळणारी बाईबी हे नव्हे, दुसरी होय, मीच पळवली होती तिले. वाघ तुमीच टाकला, नागपूरहून.” एवढ्यात पडदा बदलला आणि डोक्याला लावायच्या तेलाची जाहिरात लागली. पाळीवर मात्र वसंता बोलतच होता. कोणीतरी त्याच्या कानातलं बोंडूक काढून घेतलं, मग माइक. माइक देताना त्याने त्याच्यावरची धूळ शर्टाने पुसली.

नंतरचा गोंधळ सांगण्यासारखा नाही. पुढारी ओरडला, सरपंच डोकं धरून बसले, भजीवाल्याचा माल संपला. तो तरुण अधिकारी जीपच्या मागे जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. ज्या बाईला वाघाने मारलं म्हणून वाघ धरायचा, तीच सगळ्या राज्यासमोर नाही म्हणाली, आता मी काय लिहू, असं तो विचारत असावा. दुपारी त्याने पथकाला परत जायला सांगितलं. रिकामा पिंजरा खडखडत पाळीवरून गेला. आमच्या अंगणात त्या दिवशी कोणी पाऊल ठेवलं नाही. बाबा संध्याकाळी आले, हातपाय धुतले, आणि चुलीजवळ बसून म्हणाले, “अस्वलच असन. वाघानं सोडली नसती तुले.” आई म्हणाली, “जेवा.” आमच्या घरात याला समेट म्हणत.

सरपंचांची भीती निम्मी खरी ठरली. नरभक्षक नाही म्हटल्यावर जंगल बंद ठेवायला कारण उरलं नाही. आठवड्याभरात ते उघडलं. मोह तोवर जवळजवळ संपला होता, तेंदूपत्ता मिळाला. कॉलेजला मी एक वर्ष उशिरा गेले. त्या वर्षात मी आईच्या उजव्या हाताची कामं केली आणि तालुक्याच्या वाचनालयात येणारी सगळी वर्तमानपत्रं वाचली, विशेषतः आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत छापलेले खुलासे. या खुलाशांना असं कोपऱ्यात का बसवतात, हा प्रश्न तिथेच पडला, आणि त्यातूनच पुढे नोकरीची वाट निघाली. वसंताला वाहिनीने काढून टाकलं. लग्नाच्या सराईत त्याला काम कमी पडलं नाही, पण ‘सदर’ आणि ‘दरम्यान’ तो त्यानंतर कधी म्हणाला नाही.

वाहिनीने खुलासा दाखवला नाही. पण पंधरा-वीस दिवसांनी नागपूरहून एक तरुण बातमीदार बाई आली, सोबत कॅमेरावाला. आल्याआल्या ती आईच्या पाया पडली. तिने सांगितलं की मुक्या प्राण्याला पिंजऱ्यात जावं लागलं नाही, हा आमच्या वाहिनीच्या बातमीचा परिणाम आहे, आणि आईने तलावाकाठी उभं राहून दोन शब्द बोलावे, वाहिनीचे आभार मानावे. आई मासे घासत होती. तिने विचारलं, अस्वल म्हणाल का त्यात. मुलगी गोड हसून म्हणाली की काकू, अस्वलाचा विषय आता जुना झाला. आईने मान डोलावली, हात धुतले, आत गेली आणि परत बाहेर आली नाही.

मुलगी बराच वेळ अंगणात घुटमळली. तिला संध्याकाळपर्यंत काहीतरी पाठवायचं होतं. तिची तारांबळ मला आता नीट समजते. मीही पुढे अशा संध्याकाळी काढल्या. मग तिला दारात सिंधूकाकू दिसली. त्या पळण्यामुळे काकूला बाजारात मान मिळायला लागला होता, आणि गेले काही दिवस ती त्या हल्ल्याचं वर्णन स्वतः तिथे असल्यासारखं करायची. मी दोनदा ऐकलं होतं. मुलीने तिला विचारलं, तुम्ही बोलाल का, नुसतं घरच्या म्हणून. काकूने केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला आणि कॅमेऱ्यासमोर आली. मला वाटलं आता ही सुटली. कॅमेरावाल्याने खूण केली, मुलीने माइक पुढे केला आणि विचारलं की त्या दिवशी नेमकं काय घडलं.

काकूने आमच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं.

“मले नका विचारू,” ती म्हणाली. “मी तिथी नवती.”

मुलीने विचारलं, मग आणखी काही सांगायचं आहे का. काकू म्हणाली, नाही, एवढंच. आणि कोंबड्या हाकायला निघून गेली. ती माणसं पाळीवर गेली, थोडा वेळ कॅमेरा लावून उभी राहिली आणि ऊन उतरायच्या आत परतली. त्या संध्याकाळी आम्ही सगळे काकूकडे बातम्या बघायला बसलो, आईसुद्धा. आमच्या नावाचं, बोलण्याचं काहीच दाखवलं नाही. वाहिनीने आपली पाठ थोपटली, आणि मग बराच वेळ नुसता तलाव दाखवला. पाणी, बगळे, पलीकडचा काठ, आणि एका बाजूला बाबांचा डोंगा. आई पुढे सरकून बघत होती.

“हे बरोबर आहे,” ती म्हणाली.